औषधीभांडारात संगणक आला, पुढे काय?

रुग्णालयातील औषधवाटपाच्या खिडकीत बरण्यांच्या शेजारी आता संगणकाचा पडदाही दिसू लागला आहे. साठ्याची नोंद, देयके, संपत आलेल्या औषधांची सूचना ही कामे तो बिनबोभाट करतो. त्याविषयी आमचा वाद नाही. परंतु आपल्या शास्त्रातील औषधे त्यात बसविताना जी दक्षता लागते तिची चर्चा आपल्यात क्वचितच होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

औषध व रुग्ण यांची यंत्राने जुळणी करण्याची कल्पना स्यू किनिक या परिचारिकेची. १९९० च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकेतील कॅन्सस राज्यात टोपेका येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्या सेवेत होत्या. भाड्याची मोटार परत करताना तेथील कर्मचारी हातातील यंत्राने मोटारीवरील बारकोड वाचतो, हे त्यांनी पाहिले. मोटारीची ओळख पटते तर रुग्णाची व औषधाची का पटू नये? या एका प्रश्नातून उभी राहिलेली पद्धत पुढे त्या खात्याच्या रुग्णालयांत सर्वत्र गेली. मात्र औषधाच्या प्रत्येक मात्रेवर खूण हवी, ही तिची पूर्वअट.

आपले घोडे येथेच अडते. आपण चूर्ण बरणीत ओततो, पुड्या बांधतो आणि त्या क्षणी वेष्टनावरील बॅच क्रमांक हरवतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १६१-ब चूर्णास २ वर्षांची मुदत देतो. शार्ङ्गधराच्या मते २ महिन्यांनंतर चूर्ण हीनवीर्य होऊ लागते. वेष्टन उघडल्यावर, विशेषतः कोकणातील पावसाळ्यात, यांपैकी कोणता काळ खरा मानावा हे वैद्यबंधूंना सांगणे नलगे. संगणकाला मात्र छापील तारीखच ठाऊक! बरणी उघडल्याच्या तारखेचा रकाना त्यात हवा आणि तो भरणारा माणूसही.

नामसादृश्याचा घोटाळा याहून गंभीर. आमच्या परिचयाच्या एका रुग्णालयात आमवाताच्या वृद्ध रुग्णेस योगराज गुग्गुळ लिहिला होता. तिच्या वृक्कांची स्थिती पाहून वैद्यांनी भस्मयुक्त कल्प हेतुपुरस्सर टाळले होते. संगणकात ‘योगराज’ अक्षरे टाकताच दोन नावे आली, बोट वरच्या नावावर पडले आणि महायोगराज दिला गेला. हे उघडकीस आले ते देयक नेहमीपेक्षा जास्त का, असे रुग्णेच्या मुलाने विचारल्यामुळे. तोवर ८ दिवस लोटले होते. सुदैवाने अपाय झाला नाही.

कंपाउंडरला बोल लावून आम्ही मोकळे होणार नाही. शास्त्रोक्त औषधाच्या वेष्टनावर ग्रंथ व अधिकार यांचा निर्देश कायद्यानेच असतो. तोच संगणकातील नावाला जोडला तर एकाच नावाचे निरनिराळे पाठही वेगळे राहतात. परिशिष्ट ई-१ मधील वत्सनाभ, कुचला, पारद आदी द्रव्ये असलेल्या कल्पांपुढे लाल खूण यावी आणि वैद्याच्या संमतीविना देयक निघू नये. औषधविक्रेत्यांनी आज्ञावली घेतानाच ही मागणी करावी. एरवी गोळ्यांच्या पाकिटांसाठी घडविलेली आज्ञावली आपल्या माथी मारली जाते. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० अ‍ॅलोपॅथिक ब्रँडांवर क्यूआर कोड अनिवार्य झाला. आपल्या कल्पांचा त्या यादीत समावेश नव्हता.

उपरोक्त रुग्णालयाने महायोगराजाची नोंद आता ‘योगराज, महा’ ऐवजी ‘भस्मयुक्त’ या स्वतंत्र गटात हलविली असून, पुडीवर बरणी उघडल्याचा दिनांक हाताने लिहिण्याचा प्रघात पाडला आहे.