गुलाबी मनोरा आणि कोसबाडचे शंख

पनवेलमध्ये तीन वर्षांच्या मुलासाठी शाळा शोधताना ‘मॉन्टेसरी’ हा शब्द पाट्यांवर भेटतोच. या नावावर कुणा एकाची मालकी नाही; पाटी कुणीही लावू शकतं. म्हणून आधी वर्गात डोकवावं.

तिथे गुलाबी मनोरा असतो का, बघा. दहा लाकडी ठोकळे, सर्वांत लहान १ सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा १० सेंटिमीटरचा. क्रम चुकला की मनोरा बेढब दिसतो आणि चूक मुलाला आपली आपणच कळते. बाईंनी ओरडायची गरज नाही. मला या पद्धतीचं खरं मर्म इथेच वाटतं. दुसरी खूण म्हणजे तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र असतात, आणि रमलेल्या मुलाला कुणी मध्येच उठवत नाही.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात मॉन्टेसरी शाळेच्या सोडतीत प्रवेश मिळालेल्या आणि हुकलेल्या मुलांची तुलना झाली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मॉन्टेसरीतली पाच वर्षांची मुलं वाचन-गणिताच्या तयारीत पुढे होती.

साधनं महाग असतात, हे खरं. पण शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेलं, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली.

भातुकलीसारख्या कल्पनेच्या खेळाला मात्र या वर्गात जागा कमी. तो संध्याकाळी घरी भरपूर खेळू द्यावा.