चौथ्या सीटवरचं टेन्शन

सकाळच्या गर्दीच्या वेळी अंबरनाथ स्टेशनावर नवखा माणूस बुचकळ्यात पडतो. मुंबईला नोकरी असलेली कित्येक माणसं उलट्या दिशेची, बदलापूरची गाडी पकडतात. बदलापूरला तीच गाडी मुंबईकडे निघते आणि ही मंडळी जागेवरून हलत नाहीत. बसायला मिळावं म्हणून हा ‘रिटर्न’चा खटाटोप. बदलापूरच्या फलाटावर ताटकळलेले प्रवासी मग चिडतात, दारात शब्दाने शब्द वाढतो. तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळवायला ‘जरा सरका ना’ सुरू होतं. पुढे सीएसएमटीपर्यंत सुमारे ६८ किलोमीटरचा प्रवास असतो.

गाडीतून उतरल्यावर भांडण डोक्यातून जातं. शरीर मात्र ते इतक्या लवकर सोडत नाही.

न्यू जर्सीहून न्यूयॉर्कला रेल्वेने जाणाऱ्या नोकरदारांची लाळ तपासून गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर या संशोधकांनी प्रवासाचा ताण मोजला. प्रवास जितका लांबचा, तितकं लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणात वाढणारं संप्रेरक जास्त आढळलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. अख्खा डबा किती भरला आहे यापेक्षा आपल्या बाकावर किती जण खेटून बसले आहेत, याचा ताण माणसाला अधिक जाणवतो. कर्जत मार्गावरच्या चौथ्या सीटवरही असं मोजमाप व्हायलाच हवं.

कॉर्टिसॉल मुळात शत्रू नाही. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांना २७ जुलैला बोटींतून बाहेर काढावं लागलं. अशा प्रसंगी छाती धडधडते, रक्तदाब चढतो, जखम झालीच तर जंतूंशी लढायला रोगप्रतिकारक पेशी तयार होतात. त्या इंटरल्यूकिन-६सारखी रसायनं सोडतात आणि दाह सुरू होतो. लाली, सूज, ठणका ही त्याची ओळखीची रूपं. हा दाह उपकारकच असतो, आणि त्याला आवर घालण्याचं काम कॉर्टिसॉल करतं.

बिघडतं ते संकट संपतच नाही तेव्हा. घराचा हप्ता, म्हाताऱ्या आईचं आजारपण, आनंदनगर एमआयडीसीतली रात्रपाळी, नदीकाठच्या सोसायटीत दर पावसाळ्यात पाण्याकडे लागलेले डोळे. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या शेल्डन कोहेन यांनी २०१२ साली यामागचं एक कारण मांडलं. सतत ओरडणाऱ्या वडिलांकडे मुलं लक्ष देईनाशी होतात, तशा दीर्घकाळ ताणाखाली असलेल्या माणसाच्या पेशी कॉर्टिसॉलला दाद देईनाशा होतात. रक्तात कॉर्टिसॉल असतं, पण दाह आवरत नाही. सर्दीचे विषाणू मुद्दाम नाकात सोडले, तेव्हा अशा माणसांना सर्दीही जास्त प्रमाणात झाली. आत धुमसणारा हा दाह हृदयविकार आणि मधुमेहाला हातभार लावतो, संधिवाताचं दुखणं वाढवू शकतो.

ओहायोच्या जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांचा १९९५ सालचा प्रयोग तर प्रत्येक घराने वाचावा असा आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या १३ बायका आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ जणी. सगळ्यांच्या हातावर सारखीच, साडेतीन मिलिमीटरची जखम केली. दुसऱ्या गटाची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली, सेवा करणाऱ्यांची सुमारे ४९ दिवसांत. आपल्याकडे आजारी सासू-सासऱ्यांचं करणारी सून किंवा लेक ‘मला काही होत नाही’ म्हणत राहते. तिला एक दिवस सुट्टी देणं हा औषधोपचाराचाच भाग मानला पाहिजे.

शरीर शांत करण्याची एक वाट व्हेगस या मज्जातंतूतून जाते. मेंदूपासून हृदय, फुप्फुसं, आतड्यांपर्यंत तो पसरलेला आहे, आणि मेंदू त्याच्यामार्फत दाहाला लगाम घालतो, हे अमेरिकेतले डॉक्टर केविन ट्रेसी यांनी २००२ साली सविस्तर मांडलं. श्वास सोडताना व्हेगसचा प्रभाव वाढतो आणि नाडी मंदावते. म्हणून सावकाश, लांब उच्छ्वास कामाचा. बदलापूरहून कर्जतमार्गे घाट चढला की लोणावळा येतं. तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतला.

२००१ साली इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी यांनी जपमाळेची प्रार्थना आणि मंत्रपठण करणाऱ्या २३ जणांची नोंद घेतली. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदय-रक्तदाबाची लय सुधारली. मध्य रेल्वेच्या डब्यांत टाळ वाजवत अभंग गाणाऱ्या भजनी मंडळांची आठवण इथे होणारच. गाताना ओळ संपेपर्यंत श्वास पुरवावा लागतो, म्हणजे उच्छ्वास लांबतो. शिवाय रोजची ओळखीची माणसं भेटतात, आणि एकटेपणाचाही दाहाशी संबंध आढळला आहे. महिलांच्या डब्यातली भाजी निवडता निवडता होणारी गप्पांची मैफल याच कारणाने मोलाची.

श्वासाचा परिणाम नाडीवर काही मिनिटांत दिसतो. दाह उतरायला मात्र आठवडे लागतात, आणि झोप अपुरी असेल तर केलेलं वाया जातं, कारण जागरणानेही इंटरल्यूकिन-६ वाढतं. पहाटेची गाडी गाठणाऱ्याने रात्री अकरानंतरचा मोबाइल सोडला, तरी बराच फरक पडेल. संध्याकाळी स्टेशनावरून रिक्षा न करता घरापर्यंत चालत जाणंही उपयोगाचं.

सांधे सकाळी तासभर आखडून राहत असतील, ताप किंवा सूज हटत नसेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. प्राणायाम सुरू केला म्हणून संधिवाताच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. मन फारच खचलं असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.