आधी बाही दुमडून पाहा!

आपल्याकडे मुलाखत म्हटली की घरात मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम ठरल्यासारखी धांदल उडते. कपाटे उपसली जातात, आत्या-मावशांचे सल्ले सुटतात, आणि उमेदवाराला काय येते यापेक्षा त्याने काय घालावे यावरच रात्री जागवल्या जातात. त्यातून ती मुलाखत जनावरांच्या डॉक्टरकीची असली, तर मग विचारूच नका! माणसांच्या डॉक्टराचा पांढरा कोट सर्वांना माहीत असतो, वकिलाचा काळा डगला शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. पण पशुवैद्याचा पोशाख कोणता, असे विचारले की भलेभले डोके खाजवू लागतात.

हा प्रश्न माझ्यासारख्या बाईकडे येण्याचे कारण माझा धंदा. ठाण्याच्या वागळे इस्टेटीत कामगारांचे गणवेश शिवण्याचा माझा छोटासा गाळा आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले लहानसे कार्यालय याच वसाहतीत होते. येथे रस्त्यांना नावांऐवजी नंबर. पुष्कळ कारखाने आले आणि गेले, काहींच्या जागी काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. पण निळ्या बॉयलर सूटचे गिऱ्हाईक अजून तुटलेले नाही. रोड नंबर सोळावर पासपोर्टचे केंद्र आहे. त्यामुळे परदेशी शिकायला निघालेली मुलेही दारावरून जात असतात, आणि त्यांतली काही 'काकू, मुलाखतीला काय घालू हो?' असे विचारीत आत डोकावतात.

तर वाचकहो, आधी एक खर्च वाचवणारी बातमी सांगते. आपल्या महाराष्ट्रात पशुवैद्यकाच्या पदवीला प्रवेश घ्यायचा असेल, तर मुलाखत नसतेच! परळचे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचे, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या जनावरांच्या रुग्णालयाशेजारचे. तेथे काय, किंवा नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे काय, प्रवेश मिळतो तो 'नीट' परीक्षेतील गुणांच्या यादीवरून. यादीत नाव लागले की कागदपत्रे तपासून घ्यायची आणि साडेपाच वर्षांच्या अभ्यासाला बसायचे; त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. तेथे तुमची इस्त्री कोणी पाहत नाही.

पोशाखाचा नियम आहे तो 'नीट'च्या परीक्षाकेंद्रावर, आणि तो मात्र चांगलाच कडक आहे. कपडे साधे व हलके, बाह्या अर्ध्या, पायांत कमी टाचेच्या चपला किंवा सँडल. बूट चालत नाहीत, दागिने चालत नाहीत. कॉपीला जागा राहू नये म्हणून ही तजवीज. धर्माप्रमाणे किंवा रूढीप्रमाणे वेगळा पोशाख असेल, तर तपासणीसाठी लवकर पोचावे लागते. पूर्ण बाहीचा नवा शर्ट घालून पोराला परीक्षेला धाडणाऱ्या आईबापांनी त्या वर्षीचे सूचनापत्रक आधी वाचलेले बरे.

मग मुलाखत असते कुठे? ती असते परदेशातील पशुवैद्यक शाळांत. इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी उमेदवाराला एकामागून एक अशा छोट्या छोट्या मुलाखतींतून फिरवतात. प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे आणि एक नवा प्रश्न. या शतकाच्या आरंभी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने माणसांच्या डॉक्टरकीसाठी काढलेली ही पद्धत पुढे पशुवैद्यकातही रुजली. आपल्याकडे मुलाखत येते ती पदवीनंतर, लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी व्हायचे तेव्हा.

अशाच एका परदेशी मुलाखतीसाठी जवळच्या किसननगरातले एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात पंचवीस वर्षे काम केलेले. मुलीची मुलाखत संगणकाच्या पडद्यावरून व्हायची होती. गृहस्थांनी खिशातून एका उंची कोटाचे चित्र काढले आणि म्हणाले, "ताई, अस्साच हवा. अस्तर रेशमी. पैशांचं मी बघतो." ते 'बघणे' म्हणजे भविष्यनिर्वाह निधीतून आणखी थोडे काढणे, हे मुलीच्या चेहऱ्यावरून मला कळले. फीसाठी एकदा हात घातलेलाच होता.

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, मला कोट नको. मला तुमचा बॉयलर सूट चालतो."

गृहस्थ चपापले. तेव्हा हकिगत बाहेर आली. परदेशी शाळा जनावरांमध्ये काम केल्याचा अनुभव विचारतात, म्हणून ही पोरगी वर्षभर दर रविवारी कल्याणकडच्या एका तबेल्यात जात होती. घरी सांगितले होते 'अभ्यासाला जाते'. तबेल्यात घालायला तिने बाबांचा जुना, कोपरांवर विटलेला बॉयलर सूट पळवला होता. बाप एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "हा निळा कपडा माझ्या अंगावरून उतरावा, तुझ्या अंगावर कधी चढू नये, म्हणून तर सगळी धडपड केली."

त्यांचे खोटे होते असे मी कशी म्हणू? जन्मभर तेलाचे डाग बाळगलेल्या माणसाला आपल्या लेकीच्या अंगावर कोट असावा असे वाटणारच. पण मला धंद्यातली एक गोष्ट ठाऊक होती, ती मी सांगितली. "दादा, इंग्लंडातल्या पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना गोठ्यातल्या कामासाठी जे सामान लागतं ना, त्यात बॉयलर सूट आणि गमबूट असतातच. तिथं त्या कपड्यालाच डॉक्टराचा कपडा म्हणतात."

गृहस्थ खुर्चीवर बसले. मग आम्ही तिघांनी मिळून विचार केला, आणि त्या मुलीने तबेल्यात शिकलेल्या एकेका गोष्टीवरून पोशाख ठरवला. तोच वाचकांपुढे ठेवते.

पहिली गोष्ट बाहीची. गाय गाभण आहे की नाही हे पाहायला डॉक्टर खांद्यापर्यंत लांब हातमोजा चढवून गुदद्वारातून हात घालतात. म्हणून शर्टाची बाही सहज कोपराच्या वर दुमडता आली पाहिजे. मुलाखतीत कोणी गाय आणून उभी करीत नाही, हे खरे. पण घट्ट बाहीचा माणूस टेबलापाशीही अवघडूनच बसतो.

दुसरी गोष्ट हातांची. अंगठी आणि बांगड्या घरी ठेवाव्या, नखे कापावी. आतली त्वचा नाजूक असते, खड्याने किंवा नखाने ती फाटायला वेळ लागत नाही. शिवाय अंगठीखाली घाण साठते, आणि गाभडलेल्या गाईच्या वारेतून ब्रुसेलासारखे जंतू हातावरच्या बारीकशा जखमेतून माणसाला ग्रासतात. पडद्यावर हात दिसतात, आणि मुलाखत घेणाऱ्यांत अनुभवी पशुवैद्य असला तर त्याची नजर तिकडे जाणारच.

तिसरी गोष्ट पायांची. चारशे किलोंच्या म्हशीने चपलेवर पाय दिला म्हणजे काय होते, हे त्या मुलीला सांगावे लागले नाही! प्रत्यक्ष जायचे असेल तर पाय झाकणारे, घट्ट बसणारे, न घसरणारे बूट हवेत. नवे कोरे नकोत. आठ दिवस घालून मऊ केलेले असावेत.

चौथी गोष्ट लोंबणाऱ्या वस्तूंची. ओढणी गाय चघळते, लांब डूल वासराच्या तोंडात जातात, मोकळे केस सगळीकडे. सलवार-कमीज घालायचा तर ओढणी पिनेने टाचावी किंवा सरळ वगळावी. वेणी बांधावी. अत्तर लावू नये, कारण कुत्र्याचे नाक आपल्यापेक्षा फार तिखट असते.

आणि रंग? लाल रंगाने बैल उधळतो ही समजूत खरी नाही. गुरांना लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही. बैल बिथरतो तो फडफडणाऱ्या कापडाच्या हालचालीने. तेव्हा आवडत असेल तर लाल घाला, पण फडफडू देऊ नका. पडद्यावरच्या मुलाखतीत मात्र बारीक चौकडी आणि बारीक रेघा टाळाव्या. कॅमेऱ्यात त्या लहरींसारख्या हलताना दिसतात. सुती, एकरंगी आणि साधी कॉलर असलेला शर्ट सर्वांत उत्तम. आणि हो, पडद्यावर अर्धेच अंग दिसते म्हणून खाली घरातली पँट घालून बसू नये. काही कारणाने उठावे लागले म्हणजे पंचाईत!

वागळे इस्टेटीत राहणाऱ्यांसाठी आणखी दोन सूचना. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. तेथील सकाळचे दहा म्हणजे येथील दुपारचे साडेतीन. नेमक्या त्या वेळी शेजारच्या गाळ्यात पत्रा कापायचे यंत्र चालू असेल, तर आधीच जाऊन तासाभराची विनंती करून यावी. आमच्याकडची माणसे ऐकतात.

आयोगापुढे जाणाऱ्या मुलींनी साडी नेसली तरी उत्तम. पदर नीट टाचलेला आणि निऱ्या चालताना पायात न येणाऱ्या असाव्या, इतकेच. मुलांनी पूर्ण बाहीचा इस्त्रीचा शर्ट, साधी पँट आणि पॉलिश केलेले बूट घालावेत. कोट असल्यास घालावा, नसल्यास त्यासाठी कर्ज काढू नये.

कपड्यांना मी कमी लेखते असे समजू नका. माझे पोटच त्यांच्यावर आहे. पण कपडा काय करू शकत नाही, हेही शिवणाऱ्यानेच सांगायला हवे. एलीन कस्ट नावाची एक बाई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडिंबरोला पशुवैद्यक शिकली. शिक्षण पुरे झाले, पण केवळ बाई म्हणून तिला अधिकृत परीक्षेला बसू दिले नाही. ती आयर्लंडमध्ये पदवीविनाच गुरांवर उपचार करीत राहिली. १९१९ साली ब्रिटनमध्ये कायदा बदलला आणि १९२२ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, तिला सनद मिळाली. ती त्या देशातील पहिली स्त्री पशुवैद्य. इतकी वर्षे जे दार बंद होते, ते कोणत्याही कोटाने उघडले नसते. ते उघडले तिच्यासारख्यांच्या चिकाटीने. आज तुमच्या मुलीपुढे ते दार उघडे आहे. तिने आत जाऊन काय बोलायचे, हा खरा अभ्यास.

त्या मुलीला मी फिकट निळ्या रंगाचा एक सुती शर्ट शिवून दिला. कोटाचे चित्र गृहस्थांनी घडी घालून परत खिशात ठेवले. मुलाखतीत तिला विचारले, जनावराच्या मालकापाशी औषधाला पैसे नसतील तर तू काय करशील? तबेल्यातल्या एका भय्याने आजारी म्हशीसाठी काय काय केले, आणि कुठे त्याचा नाइलाज झाला, ते तिने जसेच्या तसे सांगितले. पुढे पत्र आले, तेव्हा गृहस्थ एकटेच माझ्याकडे आले आणि त्यांनी मुलीच्या मापाचे दोन बॉयलर सूट सांगितले. "खिशाला तिचं नाव भरा," म्हणाले. "आमच्या कारखान्यात भरतात तसंच."

या दिवाळीत ज्यांच्या घरी असा उमेदवार असेल, त्यांनी एवढेच करावे. नवे कपडे घालून त्याला घरात दहा मिनिटे वावरायला सांगावे. खाली वाकून पाहावे, उकिडवे बसून पाहावे, बाह्या कोपरावर चढवून पाहाव्या. कुठे ताणत नसेल, काही लोंबत नसेल, तर पोशाख पास झाला. उरलेल्या पैशांतून चांगले गमबूट घ्यावे. ते पुढे पाच-सहा वर्षे लागणारच आहेत. आणि एखादा रविवार मुलाबरोबर जवळच्या गोठ्यात जाऊन यावे. आपले मूल तेथे कसे वागते, ते आईबापांनीही एकदा पाहिलेले चांगले.