अंगावर पाजते, तरीही दिवस राहतात!

"बाई, बाळंतपणानंतर अजून पाळीसुद्धा आली नाही. मग दिवस कसे राहिले?" आठ-नऊ महिन्यांचं तान्हं कडेवर घेऊन आलेल्या माता हा प्रश्न नेहमी विचारतात.

भगिनींनो, स्त्रीबीज पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी सुटते. म्हणून पहिली पाळी दिसण्यापूर्वीच गर्भ राहू शकतो. बाळ सहा महिन्यांच्या आतले, पाळी आलेली नाही आणि रात्रंदिवस केवळ अंगावरचे दूध, या तिन्ही गोष्टी असतील तोवरच पाजण्याचा भरवसा. एक तुटली की भरवसा संपला!

मग काय होते?

आई : एका बाळंतपणात गेलेले रक्त भरून येण्याआधीच दुसरा गर्भ वाढू लागतो. रक्तक्षय होतो. अशा आईला बाळंतपणातला रक्तस्राव झेपत नाही, जिवावर बेतते.

पोटातले बाळ : अपुऱ्या दिवसांचे किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो.

कडेवरचे बाळ : याचे दूध लवकर तुटते. मग हगवण, खोकला धरतो, वजन घटते.

त्यातून दिवस राहिल्याचे उशिरा कळते. तपासणी, लोहाच्या गोळ्या, सगळेच उशिरा.

शेतालाही पिकामागून विसावा देतो, मग आईला का नको? बाळंतपणानंतर निदान दोन वर्षे पुन्हा दिवस राहू देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

उपाय सोपे आहेत. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच बसवता येते. 'अंतरा' इंजेक्शन पाजणाऱ्या आईने सहा आठवड्यांनंतर, दर तीन महिन्यांनी घ्यावे. 'छाया' गोळीने दूध कमी होत नाही. 'माला-एन' मात्र बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत पाजणाऱ्या आईने घेऊ नये. आणि पतिराज, निरोध तर तुमच्याच हाती आहे!

दिवस राहिलेच, तर काढे, जडीबुटी नको. मूल हवे असेल तर लगेच नाव नोंदवा. नको असेल तर १९७१ च्या कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त केंद्रातच गर्भपात करून घ्या. लपवू नका, उशीर करू नका.

सासूबाई, सूनबाईला बाळंतपणाआधीच आरोग्य केंद्रात घेऊन या. उपाय कोणता, ते तिला ठरवू द्या.

पाळणा लांबवा, मायलेकरं जगवा!