दाह आणि रक्तातील प्रथिने

लातूर-नांदेडच्या शिवारात सोयाबीनची कापणी सुरू झाली की विळा लागून हातापायांना जखमा होणे नित्याचेच असते. जखम चिघळली की ती जागा लाल होते, सुजते, तापते आणि ठणकू लागते. हाच तीव्र दाह होय. तो एका जागी दिसत असला, तरी काही तासांतच त्याची वर्दी सर्व शरीरास पोहोचते आणि रक्तातील प्रथिनांचे प्रमाण बदलू लागते.

जखमेपाशी जमलेल्या पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-६ सारखी द्रव्ये रक्तात सोडतात. ती पोहोचताच यकृत आपल्या कामाचा क्रम बदलते. सुगीत शेतकरी इतर कामे बाजूस ठेवतो, तसाच हा प्रकार. सी.आर.पी. आणि फायब्रिनोजेन ही प्रथिने अधिक तयार होतात, तर अल्ब्युमिन व ट्रान्सफेरिन यांचे प्रमाण घटते.

यांपैकी सी.आर.पी.चा शोध न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांनी १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात लावला. निरोगी प्रौढात ते बहुधा लिटरमागे ५ मिलिग्रॅमहून कमी असते. तीव्र संसर्गात ते १००च्याही वर जाते. सहा ते बारा तासांत वाढू लागून सुमारे ४८ तासांत ते कळस गाठते. कारण दूर होताच निम्मे होण्यास त्यास सुमारे १९ तास पुरतात. फायब्रिनोजेन मात्र सावकाश उतरते. त्यामुळे रुग्णास बरे वाटू लागल्यावरही ई.एस.आर. काही दिवस वाढलेला आढळतो.

२०२० नंतरच्या कोविड साथीत सी.आर.पी. हे नाव खेडोपाडी पोहोचले. तथापि हा आकडा दवंडीसारखा आहे. गावात काही घडले आहे एवढे ती सांगते. कोणाच्या घरी, हे सांगत नाही. जिवाणूंचा संसर्ग, विषाणू, संधिवात, मोठी इजा या सर्वांत तो वाढतो. म्हणून केवळ अहवाल पाहून प्रतिजैविके घेणे योग्य नव्हे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. तापाने आजारी असलेल्या मुलाचे अल्ब्युमिन कमी आढळले, तर ते कुपोषणामुळेच असे मानू नये. उलट दाहात फेरिटिन वाढत असल्याने लोहाची खरी कमतरता झाकली जाते. अशा वेळी मुलाचे वजन, उंची व दंडाचा घेर पाहावा आणि बरे झाल्यावर तपासणी पुन्हा करून घ्यावी. शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांनी पालकांना एवढे समजावून सांगितले, तरी चुकीचे निष्कर्ष आणि अनावश्यक औषधे दोन्ही टळतील. अहवालाचा अर्थ मात्र डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.