थांबावे की सुरुवात करावी?
स्वमग्न बालकाच्या वर्तनोपचाराच्या वेळेविषयी

तिगावहून आलेल्या त्या आजीने मी काही विचारण्यापूर्वीच उत्तर देऊन टाकले होते. "बोलन ना जी डॉक्टरसाहेब, याचा बापबी चार वर्साचा होयेपर्यंत बोलत नोता." नातू एकवीस महिन्यांचा होता. वजन, उंची, डोक्याचा घेर सारे योग्य होते. चालायलाही तो वेळेवर लागला होता. नावाने हाक मारली तर वळत नव्हता, पण बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला की तत्काळ मान फिरवी, म्हणून ऐकू येते असे मी धरून चाललो. केसपेपरवर लिहिले, 'वाट पाहावी, तीन वर्षांनंतर पुन्हा दाखवावे.' आजीचे समाधान झाले, आईचे झाले नाही. ती उंबरठ्यावर क्षणभर थांबली होती, हे मला स्पष्ट आठवते. मी पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

ही गोष्ट २००३ सालची. मुलाला घेऊन ती माउली पुन्हा आली तेव्हा तो तीन वर्षे दोन महिन्यांचा होता. शब्द एकही नव्हता, होता तो ताटली गोल फिरवत बसण्याचा छंद. मधले सतरा महिने कोणी वाया घालवले, याचे उत्तर माझ्याच अक्षरात त्या कागदावर होते. आपल्या स्मरणिकेत यशस्वी रुग्णांच्या कथा पुष्कळ येतात. ही तशी नाही, म्हणूनच लिहीत आहे.

आपण डॉक्टर मंडळी थांबतो, त्याला कारणे असतात. उशिरा बोलणारी, पण पुढे अगदी सर्वसामान्य निघणारी मुले आपण सर्वांनी पाहिलेली आहेत. दोन वर्षांच्या लेकरावर शिक्का मारायला हात धजत नाही. त्यात आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात एक सोयीची सबब हाताशी असते. घरात मराठी, बाजारात व शाळेत हिंदी, मग मूल गोंधळणारच! दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्नता होत नाही आणि असलेली वाढतही नाही, हे आता अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. आईच्या तोंडची भाषा सोडवून मुलाला केवळ हिंदीत वाढवा, असा सल्ला देणारे व्यावसायिक मला भेटले आहेत. त्याने मुलाला शब्द तर येत नाहीतच, आजीशी असलेला दुवा मात्र तुटतो.

खरी गल्लत वेगळी आहे. निदान निश्चित करणे आणि उपचार सुरू करणे या दोन घटना आपण एकच समजतो. न्यूमोनियाचा संशय आला की आपण थुंकीच्या कल्चरचा अहवाल येईपर्यंत प्रतिजैविक रोखून धरत नाही. येथे मात्र 'आधी नक्की होऊ द्या' म्हणतो, आणि नक्की होण्यासाठी नागपूर किंवा छिंदवाडा गाठावे लागते. तिगावकराला दोन्ही दिशांना साधारण शंभर किलोमीटर. संत्र्याच्या तोडणीत वा पेरणीच्या दिवसांत ती फेरी पुढे ढकलली जाते, आणि पुढे ढकललेली फेरी कशी होते ते आपण जाणतो.

वर्तनोपचार म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर १९८७ सालचा लोवास यांचा अभ्यास येतो. आठवड्याला चाळीस तास, एकास एक शिक्षण, एकोणीस मुले. त्यातली नऊ सर्वसामान्य शाळेत पोहोचल्याचा दावा पुढे फार गाजला व तितकाच वादग्रस्तही ठरला. निवड यादृच्छिक नव्हती, आणि त्या काळी मुलांना शिक्षा करण्याचाही वापर होत असे, जो आज कोणीही मान्य करणार नाही. २०१० साली डॉसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अठरा ते तीस महिन्यांच्या ४८ मुलांवर यादृच्छिक चाचणी करून दाखविले, की खेळातून, मुलाच्या आवडीच्या मागे जात केलेल्या उपचाराने दोन वर्षांत बुद्धी, भाषा व दैनंदिन कौशल्ये यांत लक्षणीय फरक पडतो. पण तेथेही प्रशिक्षित उपचारकांचे तास आठवड्याला वीस होते. पांढुर्ण्यात वीस तास तर सोडाच, दोन तास देणारी व्यक्तीही मला कित्येक वर्षे मिळाली नाही. तेव्हा हे शास्त्र अमेरिकेचे, आपल्या कामाचे नाही, असे वाटणे स्वाभाविक होते.

माझे मत बदलले ते गोव्यामुळे. तेथील 'संगाथ' संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडीच्या चमूने मिळून केलेली चाचणी २०१६ साली 'लॅन्सेट सायकियाट्री'त प्रसिद्ध झाली. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले होती. उपचार देणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले सामान्य कार्यकर्ते होते. आई-वडील आणि मूल खेळत असताना चित्रफीत घ्यायची, ती पालकांसोबत पाहायची, आणि 'येथे तुम्ही थांबलात, तेव्हा त्याने तुमच्याकडे पाहिले, दिसले का?' असे दाखवून द्यायचे. आठ महिन्यांत अशी बारा सत्रे. पालकांचा प्रतिसाद मुलाशी अधिक जुळू लागला, आणि मूल आपण होऊन संवाद सुरू करू लागले. सारेच निकाल गोड नव्हते. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ उलट घटला, आणि संशोधकांनी तेही लपविले नाही. मला या चाचणीचे महत्त्व वाटते ते कार्यकर्त्यांमुळे. तशी माणसे तिगावात मिळू शकतात.

२०२१ साली ऑस्ट्रेलियातून आलेल्या अभ्यासाने वयाची मर्यादा आणखी खाली नेली. नऊ ते चौदा महिन्यांची, आरंभीची लक्षणे दाखविणारी १०३ बालके घेऊन, कोणतेही निदान न करता, अशाच चित्रफितीच्या साहाय्याने पालकांना शिकविले. तीन वर्षांच्या वयात स्वमग्नतेचे निदान नेहमीच्या सेवा घेणाऱ्या गटात २०.५ टक्के मुलांना झाले, तर या गटात ६.७ टक्क्यांना. एका अभ्यासावर इमारत बांधू नये हे मान्य. तथापि निदानाआधी सुरुवात करण्यात गैर काही नाही, इतके तरी त्यातून निघते. आठवड्याला पंचवीस तास हवेतच, हा २००१ पासूनचा अमेरिकी दंडकही आता सैल झाला आहे. १४४ अभ्यासांच्या २०२४ मधील विश्लेषणात तास वाढविले म्हणून लाभ वाढतोच, असे आढळले नाही.

तर मग कधी? माझे उत्तर असे आहे की संशय ज्या दिवशी येतो त्याच दिवशी. आणि तो येण्यासाठी आपल्याकडे एक आयता दिवस आहे, सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देण्याच्या बूस्टर लसीचा. उपकेंद्रावर मूल येतेच. नावाने हाक मारल्यावर बघते का, हवी ती वस्तू बोटाने दाखविते का, आणि केवळ गंमत म्हणून आईला काही दाखविते का, हे तीन प्रश्न विचारायला टोचण्याइतकाच वेळ लागतो. शंका वाटली तर एम-चॅट प्रश्नावली सोळा ते तीस महिन्यांसाठी आहेच. मिळविलेले शब्द किंवा हावभाव मुलाने गमावले असतील, तर मात्र वय न पाहता त्याच क्षणी गंभीर व्हावे.

त्याच दिवशी दोन कागद लिहावेत. एक श्रवणचाचणीचा, बिस्किटाच्या पुड्यावर विसंबण्याची चूक मी केली, तुम्ही करू नका. दुसरा तज्ज्ञांकडे अथवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याचा. आणि कागद लिहून होताच आईला समोर बसवून दहा मिनिटे शिकवावे. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. तो गाडीचे चाक फिरवीत असेल तर हिसकावू नका, तुम्हीही एक चाक फिरवा. मुरमुरे वाटीभर देऊ नका, चिमूटभर द्या आणि थांबा. झोका दोनदा द्या, तिसऱ्यांदा हात धरून ठेवा, तो तुमच्याकडे पाहील तेव्हाच सोडा. बुवा-कुक पुन्हा पुन्हा खेळा. प्रश्न कमी विचारा, तो जे पाहतो त्याचे नाव घ्या. मोबाइल जेवताना तरी बंद ठेवा. मोबाइलने स्वमग्नता झाली असे मात्र आईला ऐकवू नका, तिच्या माथी आधीच पुष्कळ दोष आलेले असतात. मूल पुढे स्वमग्न निघाले नाही, तर त्याच्याशी सहा महिने कोणी मनापासून खेळले, एवढेच काय ते 'नुकसान'.

दुसऱ्या टोकाच्या घाईपासूनही सावध राहावे लागते. पालक मूलपेशींच्या उपचारासाठी शेत गहाण ठेवण्याच्या गोष्टी करतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्वमग्नतेसाठी असा उपचार संमत वैद्यकीय चाचणीबाहेर देता येत नाही, हे त्यांना आपणच सांगायला हवे. वर्तनोपचाराने स्वमग्नता 'बरी' होते असेही म्हणू नये. मूल आपल्याला काय हवे ते सांगू लागते, आणि ते ज्या घरात घडते त्या घराला त्याची किंमत समजते. प्रमाणपत्र, २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याचे लाभ, 'निरामय' विमा या गोष्टी निदानानंतरच्या. त्यांची घाई नाही, पण त्या आहेत हे पालकांना ठाऊक असावे.

त्या पहिल्या मुलाचे उपचार सव्वातीन वर्षांनंतर सुरू झाले. आज तो पंचविशीच्या आसपास आहे, मोजके शब्द बोलतो आणि वडिलांबरोबर बागेत संत्र्यांची प्रतवारी अचूक करतो. सतरा महिने हाती असते तर तो अधिक बोलला असता का, हे मला सांगता येत नाही. त्याच्या आईने तो प्रश्न मला कधी विचारला नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच गावातून अठरा महिन्यांची एक मुलगी आली, लसीकरणाच्या दिवशी आशा कार्यकर्तीने पाठविलेली. सोबत आजी होती आणि तेच वाक्य होते. त्या दिवशी मी आजीलाच जमिनीवर बसविले आणि बुवा-कुकपासून सुरुवात केली. नागपूरची तारीख पाच महिन्यांनी मिळाली. ती येण्याच्या आदल्या आठवड्यात, तिगाव स्टेशनातून मालगाडी जाताना त्या मुलीने बोट दाखविले आणि मागे वळून आजीकडे पाहिले. हे सांगायला आजी स्वतः पांढुर्ण्याला आली होती, तपासायला कोणालाच आणले नव्हते.