मांडवातून न दिसणारी अरुंधती

मार्गशीर्षातील एका लग्नास आम्ही तिगावी गेलो होतो. तिगाव हे पांढुर्ण्याजवळचे, नागपूर-इटारसी लोहमार्गावरील गाव. येथून पुढे गाडी सातपुड्याचा घाट चढू लागते. राज्य मध्यप्रदेश, परंतु घरातील बोली मराठी आणि विवाहविधीही आपलेच. सप्तपदी आटोपल्यावर सायंकाळी सातच्या सुमारास भटजींनी वधूवरांस अंगणात आणले, उत्तरेकडे बोट केले आणि विचारले, "अरुंधती दिसली?" दोघांनीही आज्ञाधारकपणे मान डोलावली.

आम्हीही वर पाहिले. तेथे अरुंधती नव्हतीच. मार्गशीर्षात त्या वेळी सारे सप्तर्षी क्षितिजाखाली असतात. वसिष्ठ आणि अरुंधती उगवतात ती मध्यरात्रीच्या पुढेमागे, आणि उत्तरेस सातपुड्याची उंची असल्यामुळे तेथे थोडा आणखी विलंब. भटजींस बोल लावण्यात अर्थ नाही. विधी जुना, मुहूर्त पंचांगाचा, आणि वऱ्हाडी भुकेलेले!

त्याच अंगणात आम्ही पुन्हा बसलो ते वैशाखात, रात्री दहाच्या सुमारास. या वेळी सप्तर्षी उत्तरेस चांगले उंच आलेले असतात. डावीकडे चार ताऱ्यांचा बाजेसारखा चौकोन आणि उजवीकडे तीन ताऱ्यांची शेपटी. या शेपटीतील मधला तारा वसिष्ठ. त्याला अगदी खेटून जो बारीक ठिपका लुकलुकतो, ती अरुंधती. दोघांतील अंतर चंद्रबिंबाच्या व्यासाच्या सुमारे एक तृतीयांश. निरोगी डोळ्यास एवढे अंतर पुष्कळ झाले. अडचण आहे ती तेजाची. वसिष्ठ दुसऱ्या प्रतीचा तारा, तर अरुंधती चौथ्या प्रतीची, म्हणजे सुमारे सहापटींनी मंद. म्हणूनच आधी ठळक तारा दाखवून मग सूक्ष्म ताऱ्याकडे नेण्याच्या रीतीस आपल्या शास्त्रकारांनी 'अरुंधतीदर्शन-न्याय' असे नाव दिले. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात त्याचा आधार घेतला आहे.

घरातील एक आजी बराच वेळ वर पाहत राहिल्या आणि मग काही न बोलता आत गेल्या. ज्याला अरुंधती दिसेनाशी होते त्याचे आयुष्य सरत आले, ही जुनी समजूत त्यांना ठाऊक होती. आम्ही मागोमाग गेलो. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला होता. समईची ज्योतही त्यांना फाकलेली दिसे. अशा डोळ्यांना चौथ्या प्रतीचा तारा दिसावा कसा? त्यात यमाचा काही संबंध नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांचा आहे, हे त्यांच्या मुलांना त्याच रात्री सांगितले. ज्या घरी अशा कोणी वृद्ध असतील, तेथेही हेच सांगावे अशी आमची विनंती आहे.

आता ताऱ्यांकडे वळू. हे दोन्ही तारे आपल्यापासून सुमारे ८२ प्रकाशवर्षे दूर आहेत. तिगावच्या अंगणात पोहोचलेला प्रकाश निघाला तेव्हा त्या आजी परकराच्या वयाच्याही नसतील. वसिष्ठाकडे गॅलिलिओने १६१७ साली दुर्बीण लावली, तेव्हा तो एक नसून दोन तारे असल्याचे त्यास दिसले. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असताना जवळचा तारा दूरच्या ताऱ्याच्या तुलनेने किंचित सरकावा आणि त्यावरून अंतर काढावे, अशी त्याची अपेक्षा होती. ती काही पुरी झाली नाही, कारण ते दोन्ही तारे सारखेच दूर होते. पुढे १८८९ साली हार्वर्ड वेधशाळेत वर्णपटाच्या साहाय्याने त्या दोहोंपैकी मोठा ताराही जोडतारा असल्याचे कळले. त्यातील दोन तारे सुमारे साडेवीस दिवसांत एकमेकांभोवती फेरी घालतात. १९०८ साली धाकटाही तसाच निघाला. एका वसिष्ठाचे असे चार तारे झाले.

अरुंधती मात्र एकटीच मानली जात होती. तिचे द्रव्यमान सूर्याच्या दुपटीहून थोडे कमी, रंग शुभ्र, तेज सूर्याच्या सुमारे तेरा-चौदा पट. अशा ताऱ्याने क्ष-किरण सोडू नयेत, तरी तिच्या दिशेने ते येत होते. २००९ साली अमेरिकेतील दोन गटांनी, एकाने ॲरिझोनातील तर दुसऱ्याने कॅलिफोर्नियातील पालोमारच्या मोठ्या दुर्बिणीतून, स्वतंत्रपणे तिचा सोबती शोधून काढला. तो एक लहान तांबडा तारा आहे. त्याचे द्रव्यमान सूर्याच्या सुमारे पाव. दोघांतील अंतर साधारण सूर्य ते नेपच्यून एवढे. क्ष-किरण या धाकट्याचेच असावेत. पालोमारच्या गटाने तो खरा सोबती असल्याची खात्री करून घेतली ती गॅलिलिओच्याच कल्पनेने: पृथ्वीच्या फिरण्याबरोबर अरुंधती जेवढी सरकली, तेवढाच तोही सरकला. जी कल्पना वसिष्ठापाशी फसली ती चार शतकांनी अरुंधतीपाशी कामास आली, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यामध्ये सुमारे एक प्रकाशवर्ष अंतर आहे, तरी ती परस्परांच्या आकर्षणाने बांधलेली असावीत असे या संशोधकांचे मत आहे. एवढे मात्र निश्चित की दोघे एकाच दिशेने चालली आहेत, आणि त्यांच्यासोबत पुलह, पुलस्त्य, अत्रि व अंगिरस हेही. क्रतु आणि मरीचि यांची वाट निराळी.

तिगावच्या त्या जोडप्याला आम्ही वैशाखातच अंगणात बोलावून घेतले. नवऱ्याने मरीचीकडेच बोट दाखविले. सूनबाईंनी त्याचा हात धरून एक तारा अलीकडे आणला.